ओढून बोललेलं मला कळतं

"कानाला आवाज येतोय. पण कानातली नस तो मेंदूपर्यंत नीट वेळ साधून पोचवत नाही." हे पनवेलच्या डॉक्टरांनी मला कागदावर लिहून सांगितलं. आजाराचं नाव ऑडिटरी न्यूरोपॅथी. औषध नाही. कानयंत्राचा उपयोग होईल याची खात्री नाही.

कुंभिवलीच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. तापातून उठून कामावर गेले, तर माणसं बोलत होती आणि मला नुसती गुणगुण. आवाज होता, शब्द नव्हते.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि हे मी मान वर करून सांगते. कामावरचं त्यामुळेच निभावलं. साहेब फोनवर लिहून पाठवतात, मी वाचते. पण भिवपुरीजवळच्या गावात घरी आई आहे, आणि तिला लिहिता येत नाही. तिचं-माझं जे काही आहे ते सगळं तोंडी. तेच बंद पडलं.

घरातले एकेक अक्षर तोडून, ओरडून बोलू लागले. आईचा घसा बसला. मला काहीच कळेना.

पनवेलच्या पुढच्या खेपेला आई सोबत होती. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या मॅडम, त्यांनी हेडफोनवर नुसते स्वर ऐकवले. 'आ'वरून 'ई'वर. भरकन गेलं की एकच गढूळ आवाज. तेच लांबवलं की दोन्ही स्वच्छ.

मॅडमनी लिहिलं, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना आवाज उडी मारत नाही, घसरत जातो. त्याला फॉर्मंट ट्रान्झिशन म्हणतात. ऐकणारा त्या घसरणीवरून बरंच ओळखतो. तुमच्या नसेला ती पकडायला वेळ हवा. म्हणून शब्द तोडायचे नाहीत, ओढायचे.

हेच त्यांनी आईला तोंडी सांगितलं. त्यावर आई काय म्हणाली ते मॅडमनी मला लिहून दाखवलं: "म्हंजे बांधावरनं हाक घालतो तशी?"

आई उभी राहिली. तोंडाशी हात धरला. लावणीच्या दिवसांत पल्याडच्या खाचरातल्या माणसाला घालतात तशी हाक तिने त्या एवढ्याशा खोलीत घातली.

"सवेऽऽ, जेवाऽऽया चल गंऽऽ, किती हाडकलीऽऽस!"

बाकावरचे लोक दारातून डोकावले. मला अख्खं वाक्य कळलं. मी रडले, आईसुद्धा.

मी बरी झालेले नाही. दोघं एकदम बोलले की आजही सगळा काला होतो. पण घरी आई हातभर अंतरावरून हाक घालते. शेजारच्या काकी तिला विचारतात, "काय गं, पोर नदीपल्याड हाय का?"

तुमच्या घरात असं कोणी असेल तर ओरडू नका. समोर बसा, शब्द लांबवा.

आजारी पडल्यापासून मला कोणी रागावलं नव्हतं. हिला कळणार नाही, मग रागावून काय उपयोग, असं असेल. परवा माझ्या हातून दूध उतू गेलं.

"एवढी शिकलीऽऽस, नि ध्याऽऽन कुठं हाय गंऽऽ तुझं?" तिथून सुरू करून आईने मला यथेच्छ झापलं. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.