परतीची बॅग

मुलगी चौथीत असताना शाळेने एक प्रकल्प दिला. चारशे वर्षांपूर्वी जहाजाने अटलांटिक ओलांडून अमेरिकेत वस्ती करायला निघालेल्या इंग्रज कुटुंबाची पेटी भरून आणायची आणि काय घेतलं, का घेतलं ते वर्गाला सांगायचं. एका कुटुंबाला एकच पेटी. मी ती चिठ्ठी वाचली आणि बाह्या सरसावल्या. सामान भरणं हा माझा विषय. पुण्याहून तोक्योला येताना दोन बॅगांत मी कुकर, पोळपाट-लाटणं, दोन किलो गोडा मसाला आणि नवऱ्याचे कपडेसुद्धा बसवले होते.

तेव्हा आम्ही दोन वर्षांच्या प्रोजेक्टसाठी आलो होतो. त्याला अकरा वर्षं झाली होती. मुलगीही इथेच झाली. मी मात्र ‘पुढच्या वर्षी परत’ हे म्हणायचं सोडलं नव्हतं, आणि त्या दोन बॅगांपैकी निळी परतीसाठी कायम भरलेली असायची. सासूबाईंसाठी घडीची छत्री, दोन नव्या चादरी, चिनी मातीच्या सहा सुंदर वाट्या, पुण्याच्या फ्लॅटच्या किल्ल्या. बॅग पलंगाखाली पुरती मावायची नाही. नवऱ्याला ठेच लागली की तो म्हणायचा, “लागलं तुझं पुणं!” मी हसायची नाही.

तर पेटी. संत्र्यांचं मोठं पुठ्ठ्याचं खोकं आणलं, कॉफीच्या पाण्याने रंगवून लाकडासारखं केलं, काळ्या कागदाच्या लोखंडी पट्ट्या मारल्या. आत लोकरीचं कापड, सुईदोरा, पातेलं, वाटाण्याचं बी. जहाजावर दगडासारखी बिस्किटं खायचे म्हणे, तीही केली. मला बेकिंग येत नाही, त्यामुळे पहिलाच घाणा अस्सल उतरला.

मुलगी वाचून एकेक ऐकवायची. दोन महिने डेकखालच्या अंधारात, त्याच कपड्यांत, ओकत.

“आणि तिथे आधीपासून माणसं राहत होती ना गं?” मी विचारलं.

“हो. त्यांनीच ह्यांना मका लावायला शिकवलं. नंतर ह्यांनी त्यांचीच जमीन घेतली. हिदोइ! किती दुष्ट!” ती नाक मुरडून म्हणाली. चीड आली की तिची जपानीच निघते.

मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी आठवल्या. पहिल्याच आठवड्यात आमची कचऱ्याची पिशवी त्यांनी दारात परत आणून दिली होती आणि कुठल्या वारी काय टाकायचं ते हातवारे करून तासभर शिकवलं होतं. आम्ही निदान भाडं भरतो, असं मी मनाशी म्हटलं.

त्या शिकवणीने नवरा मात्र पार बदलला. पुण्यात चहाचा कप उचलून ठेवत नसे. इथे बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, दुधाचा खोका धुऊन, कापून, वाळवून. गुरुवार हा पुठ्ठ्यांचा वार, आणि पालकांसमोरचा वर्गातला कार्यक्रम होता शुक्रवारी.

गुरुवारी सकाळी बाल्कनीत कपडे वाळत घालून आत आले तर पेटी ठेवलेला दाराजवळचा कोपरा रिकामा. टेबलावर तीन ढीग नीट मांडलेले: कापड, धातू, जळणारं. जळणाऱ्यात माझी बिस्किटं. नवऱ्याला फोन लावला. तो ट्रेनमध्ये, इथे ट्रेनमध्ये फोन कोण उचलतो? मेसेज आला, “पुठ्ठा टाकला. तळाला संत्र्याच्या कंपनीचं नाव होतं, म्हणजे पुठ्ठाच ना?”

गाउनवरच खाली धावले. ट्रक कोपऱ्यावर वळत होता. आजी झाडू घेऊन उभ्या होत्या. मला वाकून कौतुकाने म्हणाल्या, तुमचे यजमान दोरी किती सुरेख बांधतात!

वर आले तेव्हा मुलगी त्या तीन ढिगांसमोर उभी होती. रडली असती तर बरं झालं असतं. आठवडाभर ती पाहुण्यांनासुद्धा पेटीला हात लावू देत नव्हती.

“आई, निळी बॅग दे.”

“ती नाही.”

“पण ती खरीच आहे ना! तू तीच घेऊन आलीस.”

“ती परतीची आहे.”

“पेटीत परतीचं काही नसतंच, आई. पहिल्या हिवाळ्यात अर्धी माणसं मेली. मग जहाज परत निघालं, जागा होती, तरी उरलेल्यांपैकी कोणी चढलं नाही.”

मी भडकले. “ते राहायला गेले होते. आपण कामाला आलोय!”

“मी नाही कामाला आले,” ती म्हणाली. “मी कुठून आलेच नाही. मी इथेच होते.”

मी खाली बसले, पलंगाखालून बॅग ओढली आणि उघडली. छत्री उघडेना. चादरी घड्यांवर पिवळ्या पडल्या होत्या. वाट्या तेवढ्या जशाच्या तशा. सगळं काढलं, त्यात पातेलं, कापड, बी आणि बिस्किटं भरली. किल्ल्या मी बाजूला ठेवत होते, तर तिने त्या उचलून आत टाकल्या.

शुक्रवारी वर्गात तिने विमानाचं जुनं लेबल लटकत असलेली ती बॅग टेबलावर चढवली आणि अजिबात न अडखळता सगळं सांगितलं. शेवटी बाईंनी विचारलं, “ह्या किल्ल्या कशाला? ते घर तर मागे राहिलं.”

“उपयोग नाही,” ती म्हणाली. “पण त्या बायकांनी ठेवल्याच असतील. माझ्या आईने ठेवल्यात.”

सगळ्या पालकांसमोर मला रडू आलं, आणि लाजही वाटली नाही.

संध्याकाळी नवरा कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून केक घेऊन अपराधी चेहऱ्याने आला. सवयीने पलंगाला वळसा घालून गेला, मग थबकला, वाकून खाली पाहिलं.

“पुणं कुठे गेलं?”

मी चिनी मातीच्या वाटीत आमटी वाढली आणि त्याच्यापुढे सरकवली.

“जेव,” म्हटलं, “आणि वाटी सांभाळून. सहाच आहेत, आणि इथे रोज लागणार आहेत.”