वीतभर केबल

अवधूत नवीन पनवेलचा, प्रणित कामोठे गावातला. दोघांनी मिळून इंटरनेटचा धंदा काढला, तेव्हा अवधूतकडे तंत्र होतं आणि प्रणितकडे माणसं. कुणाच्या गच्चीवरून वायर न्यायची, कुणाच्या अंगणात खांब रोवायचा, हे प्रणित चहा पिता पिता जमवून यायचा. फायबरचं काम तो अवधूतचं बघून शिकला. घरगुती जोडणीत केबलमधून येणारा प्रकाश कमी पडू द्यायचा नाही, एवढंच सांभाळायचं असे. त्यात त्याचा हात बसला होता.

मग न्हावा शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डाचं काम मिळालं. पल्ला लांबचा, म्हणून दूरवर प्रकाश फेकणारी दोन मॉड्यूल मागवली. यार्डाच्या मॅनेजर नीता मॅडम ऑफिसात बघायला आल्या. "टेबलावरच जोडून दाखव त्यांना," असं सांगून अवधूत फोन घ्यायला बाहेर गेला.

प्रणितने हाताशी होती ती वीतभर केबल दोन्हींत लावली. प्रकाशाचा जोर उणे सात डीबीएमच्या वर गेला, तर ही मॉड्यूल सोसत नाहीत. जवळ जोडायची तर मध्ये प्रकाश मंद करणारा अटेन्युएटर लागतो. अवधूत परतला तोवर दोन्हींचे रिसिव्हर जळाले होते.

"अक्कल गहाण ठेवलीस का रे? वायरी ओढण्यापलीकडे काही येतं का तुला?" मॅडमसमोर, कामगारांसमोर तो ओरडला.

"तू जोड बोललास, मी जोडली," प्रणित म्हणाला. "जवळ लावल्यावर जलतं, हे मना कधी सांगलंस नाय."

ऑफिसची चावी ठेवून तो निघून गेला.

नवी मॉड्यूल आली, यार्डाची लाइन उणे बारावर, म्हणजे सोसेल इतक्या प्रकाशावर, सुरू झाली आणि व्यवस्थित चालली. गावात मात्र अवधूत गेला की लोक विचारत, "प्रणित कुठं हाय?" चूक आपली होती, हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं. तरी प्रणितच्या घरी जायला पाय उचलायला वर्ष गेलं.

प्रणितच्या आईने, चंद्रावतीकाकूंनी, नेहमीसारखा चहा दिला.

"चुकलो रे," अवधूत म्हणाला. "ते मीच सांगायला हवं होतं. परत ये."

"राग नाय माझा," प्रणित हसला. "पन परत नको. काय चुकंल नि तू काय बोलशील, असं वाटायचं रोज. आता बरं हाय."

रोज? अवधूतचा चहा तसाच राहिला. एका दुपारच्या बोलण्याची माफी मागायला तो आला होता. बाकीची वर्षंही तशीच गेली होती, हे त्याला आत्ता कळत होतं.

पुढे प्रणितशिवाय गावात जमेना, तेव्हा अवधूतने धंदा विकला आणि बेलापूरला नोकरी धरली. लग्नकार्यात दोघे भेटतात, एकमेकांची चौकशी करतात. त्यापुढे बोलणं सरकत नाही.