दोन ताप आणि एक थाप

इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये घरून काम करतोय असं ऑफिसला सांगून मी दोन आठवडे पुण्यात, बहिणीच्या गच्चीत लॅपटॉप मांडून बसलो होतो. रजा संपलेली, भाचीचं लग्न समोर. कॅमेऱ्यात चेहरा साहेबांना, टेबलाखालचे पाय डासांना. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

परत आल्यावर चौथ्या दिवशी ताप चढला. सांधे असे धरले की टूथपेस्टचं झाकण फिरेना. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हल्ली परदेशी जाऊन आलात का?"

"छे! इथेच होतो."

हे ऑफिसला द्यायच्या सिक नोटवर उतरलं की मॅनेजरला कळणार, नोकरी जाणार आणि नोकरीमागोमाग व्हिसा! इतका पुढचा विचार मी आयुष्यात प्रथमच केला होता. बाईंनी फ्लू समजून आयबुप्रोफेनची गोळी घ्यायला सांगितली. मी इमानदारीत घेतली.

दोन दिवसांनी हिरड्यांतून रक्त आलं. बायकोने मला गाडीत कोंबलं आणि त्याच बाईंसमोर उभं केलं.

"हा पुण्याहून आलाय. खोटं बोलला तुमच्याशी."

"अगं, हळू!"

"का? तुझ्या प्लेटलेट्स मॅनेजरला विचारून खाली येणारेत?"

बाईंनी आधी ती गोळी बंद केली. डेंग्यू असेल तर तिने रक्तस्राव वाढतो, म्हणाल्या. मला भरती करून घेतलं, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला: डेंग्यू. आणि चिकनगुन्याही.

"दोन्ही? एकदम?"

"एकाच डासाने दिले की दोघांनी, ते मात्र सांगता येणार नाही."

"लग्नातला आहेर," बायको म्हणाली. "जोडीने मिळाला."

प्लेटलेट्स हळूहळू सावरल्या. सांध्यांचं दुखणं मात्र काही महिने राहू शकतं, असं बाईंनी बजावलं. काही महिने! एवढ्या मुदतीला पुरेल अशी थाप माझ्याकडे नव्हती. जिममध्ये पडलो, बर्फावरून घसरलो, सगळ्या चाचपून पाहिल्या. जून महिन्यात बर्फ कुठला? शेवटी मॅनेजरला लिहायला फोन मागितला.

"मी टाइप करू?" बायकोने विचारलं.

"नको. मीच."

बोटं सुजलेली, एका अंगठ्याने एकेक अक्षर. 'कौटुंबिक अडचणीमुळे' असं सुरुवातीला आलं, ते खोडलं. 'तुम्हाला कल्पना असेलच' हेही खोडलं. उरलं एवढंच: मी दोन आठवडे पुण्यात होतो, तुम्हाला खोटं सांगितलं, तिथून दोन आजार घेऊन आलो. बायकोने वाचून फोन परत दिला. मी 'सेंड' दाबलं.

तासाभरात उत्तर. पुढच्या शुक्रवारी, एचआरसमोर, ऑफिसात प्रत्यक्ष.

"व्हिडिओवर घ्या म्हणून विचार ना," ती म्हणाली. "चालता येत नाहीये तुला."

"व्हिडिओवर माझा चेहरा आता कोण खरा मानणार? तू दारात सोड. पुढचं मी चालेन."

मी पलंगावरून खाली पाय सोडले. घोटे ओरडले. मी उभा राहिलो, आणि शुक्रवारचा सराव म्हणून खिडकीकडे निघालो.