बाईसाहेबांचं सलाईन

खुर्चीवाले गल्लीच्या टोकाला वर्षानुवर्षं दुकान मांडून बसले होते, पण त्यांच्याकडे लोकांचं नीट लक्ष गेलं ते एका सकाळी. ऐन कामाच्या वेळी त्यांनी शटर ओढलं आणि चेनची एक पिशवी छातीशी धरून ते चालू लागले. पिशवीतून एक राखाडी कान बाहेर आला होता.

"काय हो, आज सुट्टी?" सलूनवाल्याने दारातून विचारलं.

"बाईसाहेबांना बरं नाही."

सलूनवाला चपापला. खुर्चीवाल्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. मग त्याची नजर कानावर गेली आणि तो पुन्हा आपल्या कात्रीकडे वळला.

खुर्चीवाले म्हणजे कोणी पुढारी नव्हेत. फाटक्या खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवणारा, भुवयांवर फोमचा भुगा घेऊन फिरणारा, मोजकं बोलणारा माणूस. दुरुस्तीला आलेल्या एका सोफ्याचं खालचं कापड उसवलं, तेव्हा आतून मांजरीचं पिल्लू निघालं होतं. बायकोने ते दुकानामागच्या घरात नेलं, आणि त्याचा रुबाब बघून नावही तिनेच ठेवलं. दवाखान्यात जाताना तिने घराबद्दल, पैशाअडक्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. "बाईसाहेबांकडे बघा," एवढंच म्हणाली होती.

"किडन्या थकल्यात," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बऱ्या होणार नाहीत. पण रोज कातडीखाली सलाईन दिलंत, तर उरलेले दिवस तरी तिला बरं वाटेल. घरी जमतं. मी शिकवते."

खुर्चीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. उभा जन्म सुई हातात धरून गेला, पण अंगात शिरणारी सुई त्यांना बघवत नसे. बायकोजवळ नर्स आली की ते खोलीबाहेर जाऊन बाकावर बसत. शेवटच्या दिवशीही तसेच बाहेर गेले. परत आत बोलावलं, तेव्हा बोलावण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटच्या क्षणी आत होती ती मेहुणी, बायकोची बहीण.

डॉक्टरीणबाईंकडून ते मांजरीला घेऊन परतले, त्या संध्याकाळी ती मेहुणी घरी येऊन उभी राहिली. कपड्यांच्या लाँड्रीत इस्त्रीचं काम करणारी, जिभेला हाड नसलेली बाई.

"भावोजी, मांजर मला द्या. तुमच्याच्याने नाही व्हायचं हे."

"होईल."

"तिच्या वेळेला कुठे झालं?"

खुर्चीवाल्यांनी हातोडी घेतली. शिलाई मशीनच्या वर, भिंतीत त्यांनी एक खिळा ठोकला आणि त्याला सलाईनची पिशवी अडकवली. ती कोमट पाण्यात ठेवून गरम करायची, नळीतली हवा काढून टाकायची, हे सगळं त्यांना पाठ झालं होतं. मेहुणीने मांजरीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं. मांजरीच्या तोंडाला आंबूस वास येत होता. खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून खुर्चीवाल्यांनी उचलली. छान चुणी पडली. त्यांनी डोळे मिटले आणि सुई घातली. मांजर हललंसुद्धा नाही. त्यांनी नळीचं चाक फिरवलं. पिशवीतलं पाणी उतरू लागलं.

"झालं की!" ते म्हणाले. कपाळावर घाम होता, पण आवाजात कधी नव्हे तो तोरा आला होता. "बघ, किती शांत बसलीये."

"बसेल नाही तर काय," थोड्या वेळाने मेहुणी म्हणाली. "तिला काही मिळतंच नाहीये. माझी मांडी भिजलीये सगळी! भावोजी, मांजर आहे हो ती, उशी नाही. आरपार टाका घातलात!"

खरंच सुईचं टोक चुणीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आलं होतं. चुणी दिसली की सुई पार करायची, हेच त्या हाताला ठाऊक. मेहुणीला हसू फुटलं. हसता हसता तिने तोंड फिरवलं, कारण हे ऐकून सगळ्यात जास्त कोण हसलं असतं, ते दोघांनाही माहीत होतं.

"द्या इकडे, मी घालते," ती म्हणाली.

"नको. धर तू."

दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले नाहीत. सुई आत गेली आणि हात थांबला. मांजरीच्या पाठीवर हळूहळू पाण्याचा उंचवटा आला, उंटाच्या वशिंडासारखा, आणि मग तो एका खांद्याकडे ओघळला. मांजरीने खुर्चीवाल्यांकडे तुच्छतेने पाहिलं आणि जाऊन खुर्चीखाली बसली.

मेहुणीने मांजर पुन्हा मागितलं नाही. पुढे कधी लाँड्रीतून सुटायला तिला उशीर झाला, तर खुर्चीवाले एकट्याने मांजरीला गुडघ्यांत धरून सलाईन देऊ लागले. देताना तिच्याशी बोलत. गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी, कापडाचा भिकार रंग, काहीबाही. बायकोशी जेवढं बोलले नसतील तेवढं त्या मांजरीशी बोलले, असं मेहुणी म्हणे. त्यात टोमणा किती आणि दुसरं काही किती, ते कळायचं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा आदल्या दिवशीचं सलाईनचं पाणी दुसऱ्या दिवशीही मांजरीच्या पायात तसंच साचलेलं सापडू लागलं. पाय पाण्याने फुगलेला, बाकी अंगाची हाडं लागायची. मांजर पाण्याच्या भांड्याशी जाई आणि तोंड न लावता नुसतीच बसून राही.

डॉक्टरीणबाईंनी पाय चाचपला. "शरीर आता पाणीसुद्धा घेत नाहीये, काका. रोज टोचून तिला त्रासच होईल. तुम्ही म्हणाल तर आज तिला सोडवू या."

खुर्चीवाले बराच वेळ पिशवीच्या चेनशी चाळा करत राहिले. मग त्यांनी मान हलवली.

"तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल. पुष्कळ जण बसतात."

"नको. मी धरतो तिला."

ते सोबत आलेल्या मेहुणीकडे वळले. ती आधीच दारापर्यंत गेली होती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसा त्यांनी मांजरीचा पुढचा पाय धरला. सुई आत जाताना पाहिली. दुसऱ्या हाताने ते तिच्या कानामागे खाजवत राहिले. ते थांबले तेव्हा ती कधीच गेली होती.

बाहेर मेहुणी बाकावर बसली होती, हातात रिकामा टॉवेल. खुर्चीवाले शेजारी टेकले.

"मला आत थांबववलं नाही, भावोजी."

"असू दे."

"मी तुम्हाला किती बोलले..."

"बोललीस." त्यांनी तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि नीट घडी केली. "जरा बसू. मग निघू."

मेहुणी अजून रविवारी येते, चहा पिते आणि घरातल्या पसाऱ्यावरून त्यांना बोलते. मशीनवरचा खिळा खुर्चीवाल्यांनी काढलेला नाही. सध्या त्याला दुकानाच्या किल्ल्या असतात.