वरून ओतलेलं रक्त

आईनं ओंजळ धरली. मास्तरांनी पेला वीतभर उंच धरला आणि वरून ओतला. प्रभूचं रक्त आईच्या बोटांतून गळलं, मनगटावरून ओघळलं. खाली सांडू नये म्हणून आईनं मनगट चाटलं. भर देवळात, सगळ्यांसमोर.

पुढच्या बाकावरून मास्तरीणबाई म्हणाल्या, "फरशीवर पाडू नकोस गं. डाग जात नाहीत."

ती फरशी पुसायची कोण? आईच.

मुळशीतल्या आमच्या गावात ख्रिस्ती मंडळीचं कौलारू, बैठं देऊळ होतं. पाळकसाहेब महिन्याला एकदा पुण्याहून एस.टी.नं यायचे, प्रभुभोजन द्यायचे: भाकर म्हणजे प्रभूचं शरीर, पेल्यातला द्राक्षरस म्हणजे रक्त. भाकर त्यांच्या हातची, पेला मास्तरांच्या हातचा. मास्तर मंडळीचे पंच. त्यांचे आजोबा मराठ्यांतून ख्रिस्ती झाले, जमिनीसकट. माझे आजोबा मांगवाड्यातून, अंगावरच्या फडक्यानिशी. बाप्तिस्मा एकाच विहिरीच्या पाण्यानं. पण पेला त्यांच्या ओठांना लागायचा, आणि आमच्या ओंजळीत ओतायचे. विचारलं तर मास्तर म्हणायचे, "तुमच्याकडं खोकला फार. रोग पसरतो." मास्तरीणबाई तर उपासनाभर खोकायच्या. त्यांना पेला चालायचा.

आणि तोच पितळी पेला दर शनिवारी आई घासायची. चिंच लावून, राखेनं, आतून बोटं फिरवून. आईची बोटं पेल्यात चालायची. ओठ काठाला चालायचे न्हाईत. थू!

"आये, तुला काय वाटत न्हाई?"

"प्रभूचं हाय ते. कसं बी येऊ दे."

आणीबाणी उठली त्या साली मी पाळकसाहेबांकडे पहिल्या प्रभुभोजनाआधीचे धडे घेतले. त्यांनी शिकवलं, शेवटच्या रात्री प्रभूनं एकच पेला सगळ्यांत फिरवला. त्याला शत्रूच्या हाती धरून देणारा शिष्यही त्याच पंगतीत होता. मी ऐकत बसले. धरून देणाऱ्याला पेला मिळाला. माझ्या आईनं असं काय केलं होतं?

पुढचा धडा वधस्तंभाचा. त्याला तहान लागली तेव्हा शिपायांनी काठीच्या टोकाला आंबलेल्या रसात भिजवलेला बोळा लावून पाजलं. लांबून. म्हणजे त्यालाही लांबूनच पाजलं होतं. ते कसं लागतं ते त्याला ठाऊक होतं. आणि त्याच्याच नावानं हे लोक आमच्यावर शिपाईगिरी करत होते.

मग माझा पहिला प्रभुभोजनाचा रविवार आला. शेवटच्या रांगेत आईशेजारी गुडघे टेकले. पाळकसाहेबांनी भाकर दिली, ती खाल्ली. मास्तर आले. आईनं सवयीनं ओंजळ पुढं केली. मी हात पाठीमागं बांधले.

"हात पुढं कर."

"वरून नको. पेला द्या."

"रीत आहे पोरी."

"कुणाची? प्रभूची का तुमची?"

मी पाळकसाहेबांकडं बघितलं. धडे त्यांनीच दिले होते. त्यांनी मान खाली घालून पुस्तकाचं पान उलटलं. त्या क्षणी मला मास्तरांपेक्षा त्यांची जास्त किळस आली. मी उठले. न पिता बाहेर आले. आई मागं राहिली, ओंजळ तशीच धरून. ते बघवलं न्हाई मला.

शनिवारी आईनं नेहमीसारखी चिंच भिजत घातली. मी बघत होते. दुपारी ती चिंच तिनं आमटीत टाकली.

काही शनिवार असेच गेले. मग मास्तर आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, हातात फडक्यात गुंडाळलेला पेला.

"काळा पडलाय. पाळक येणार आहेत."

आई चुलीपुढून उठली न्हाई. "मग घासा की मास्तर. हात हायेत तुमाला."

मास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं. पेला घेऊन आले तसे गेले.

त्या दिवशी मी ठरवलं, आणि आजही तेच म्हणते. ख्रिस्त मी सोडला न्हाई, सोडणार न्हाई. तो माझा हाय, पंचांनी वाटून द्यायची खिरापत न्हाई. पण वरून ओतलेला एक थेंब घेणार न्हाई. माझ्या आईचे ओठ त्या काठाला लागतील, त्या दिवशी पेला मी स्वतः लख्ख घासीन. तोवर पडू दे काळा.