तारवातली जोडी

डिसेंबरात संध्याकाळची फिरायला निघाले की कुणाच्या तरी अंगणात नाताळची गव्हाण, येशूजन्माचा देखावा, उभी राहत असते आणि भाताच्या कोरड्या पेंढ्याचा वास येतो. त्या वासानं माझी पावलं हमखास रेंगाळतात. मेंढ्या, उंट, गाढव सगळे जागच्या जागी असतात, आणि मी वेडी त्यांच्यात डायनासोर शोधत राहते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिन्नरहून विज्ञान शिकवायला नाशकात आले, तेव्हा मला खोली दिली एका निवृत्त ख्रिस्ती नर्सनं. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. संध्याकाळचा चहा आणि वाद बहुधा भाड्यातच धरलेले होते. देवानं सहा दिवसांत जग घडवलं, डायनासोरही माणसाबरोबरच घडवले, आणि महापुरात प्रत्येक प्राण्याची जोडी वाचवणाऱ्या नोहाच्या तारवात त्यांचीही जोडी चढली, हे त्या पोळ्या लाटता लाटता इतक्या सहज सांगत, जणू तारवाची फळी स्वतःच धरली होती. मी कोट्यवधी वर्षांचा विषय काढला की विचारत, "तू होतीस का तिथं?" "तुम्ही तरी कुठं होतात?" म्हटलं की हसून माझ्या कपात आणखी चहा ओतत. त्या घरात मी एकही वाद जिंकले नाही, पण परकेपणाही कधी वाटला नाही.

नोकरी कायम होण्याआधी निरीक्षकांसमोर पाठ द्यायचा होता. विषय जीवाश्मांचा. मी खपून मातीचा लांब मानेचा डायनासोर केला आणि आदल्या संध्याकाळी त्याची मानच गळून पडली. पाठ फसला तर सिन्नरला परत जायचं, आणि तिथं माझ्या लग्नाची बोलणी वाट पाहत होती. मला रडूच फुटलं. सिस्टरबाईंनी तुकडे निरखले. गव्हाणीतले प्राणी दरवर्षी त्याच घडवत.

"उंटाच्या मानेतसुद्धा मी तार घालते, पोरी. ह्याला नको?" आणि माझ्यासमोरच नवी माती मळता मळता बजावलं, "ह्याचं वय मात्र मला मान्य नाही हं!"

सकाळी टेबलावर दोन ओलसर डायनासोर उभे होते. "एकटा कसा राहील तो?" त्या म्हणाल्या.

"दोन कशाला, बाई?" निरीक्षकांनी विचारलंच. मी खरं ते सांगून टाकलं. ते मनापासून हसले, माझी भीती पळाली, पाठ रंगला. नोकरी टिकली. दुसरा डायनासोर सिस्टरबाईंनी ठेवून घेतला. पुढं दर नाताळात तो मेंढ्यांशेजारी दिमाखात उभा असे.

त्या गेल्यावर त्यांच्या भाच्यानं तो मला आणून दिला. आता जोडी माझ्या कपाटावर आहे. सिस्टरबाईंचं म्हणणं मला आजही पटत नाही. माझं सारं आयुष्य मात्र त्यांच्या त्या तारेवर उभं आहे.

परवा नातीनं विचारलं, "आजी, हे कुणी घडवले?"

"सिस्टरबाईंनी."

"तुला काय माहीत?"

"मी होते ना तिथं," मी म्हणाले.