विमानं आणि भोजनशाळा

मंचरच्या बाजारपेठेत सोहनलालशेठांचं भांड्यांचं दुकान. नुसत्या बोटांनी पत्र्याची जाडी सांगणारे शेठ विमानापुढे मात्र लहान मूल होत. "लोक लेण्याद्रीला जात्यात, अन् आमचे शेठ मोडकी विमानं बघाया," असं जुनं गिऱ्हाईक कुशाबा तोंडावर म्हणायचा. शेठ हसायचे. हौसेला मोल नसतं.

दर दिवाळीनंतर मुलावर, अंकितवर, दुकान सोडून शेठ आणि उगमबाई एखाद्या गावचं विमानांचं संग्रहालय गाठत. पण उगमबाईंचा चौविहार. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही नाही. त्यामुळे शेठ आधी दिवसाउजेडी जेवू घालणारी जैन भोजनशाळा शोधत आणि मग तिच्या जवळचं संग्रहालय. दिल्लीला उगमबाईंनी अशी घाई लावली की शेठांची निम्मी विमानं बघायची राहिली. "तुझ्या सूर्यानं माझा जीव खाल्ला," असं ते परतताना रिक्षात म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. चाळीस वर्षांचा संसार असाच कुरकुरत झाला, पण जोडीनं झाला.

गेल्या माघात उगमबाई गेल्या. यंदा एकट्यानं जाववेल का, हे शेठांचं त्यांनाच कळेना. अंकित म्हणाला, जाऊन या, मन रमेल. सून टीना तिकिटं काढायला बसली. शेठांनी दोन दिवस खपून कुठं जायचं त्याचा कागद केला होता. गोवा खोडलेलं, कारण जवळ भोजनशाळा सापडली नाही. बेंगळुरूची भोजनशाळा लांब, रहदारीत दिवस मावळेल, म्हणून तेही खोडलेलं. उरलेल्या दिल्लीपुढे सूर्यास्ताची वेळ लिहिलेली.

टीना कागद वाचता वाचता थांबली. मग हळूच म्हणाली, "पप्पा, चौविहार मम्मींचा होता. तुम्ही तर रात्री जेवता."

शेठांनी चष्मा काढला. पोरीचं खरं होतं. आता कुठल्याही गावी, दार लागेपर्यंत, एकेक विमान निवांत बघायला ते मोकळे होते. ज्या मोकळेपणासाठी जन्मभर भांडले, तो असा समोर आला आणि त्यांना भरून आलं.

टीनानं विचारलं, मग कुठलं तिकीट काढू? शेठांनी कागदाची घडी घातली.

"राहू दे, बेटा," ते म्हणाले. "ती चला चला करायची म्हणून मला थांबावंसं वाटायचं. आता कुणी चला म्हणणारंच न्हाई, तर थांबू कशापायी?"